गलाईवाल्याचं गार घर

घर बांधायला काढलं की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, हा? छे! आपण विचारतो, ‘रस्त्यावरून कसं दिसेल?’ रस्त्यावरून जाणारा माणूस घटकाभर बघतो, ‘वा’ म्हणतो आणि पुढं जातो. त्याच्या त्या एका ‘वा’साठी घरातली माणसं मात्र जन्मभर घाम पुसत बसतात. धुळोबावाडीच्या राजवर्धनचंही असंच झालं. पण तो तिथंच थांबला नाही, म्हणून त्याची गोष्ट सांगायची.

धुळोबावाडी कवठे महांकाळच्या पलीकडं, उघड्या माळावर. पाऊस इथं आला तर आला. माळाच्या धारेवर पवनचक्क्यांची लांबच लांब रांग, आणि खाली बाभळी, कुसळं आणि मेंढरं. गावातली जुनी माणसं मेंढरं राखतात आणि त्यांची पोरं गलाईला परमुलखात जातात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं काम. राजवर्धन मिसरूड फुटायच्या आधीच कोइमतूरला गेला. भट्टीपुढं बसून बसून त्याच्या हातावरचे केस जळाले, डोळे कायमचे तांबूस झाले, पण त्यानं कधी कुरकुर केली नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. आईबापानं सगळं आयुष्य मेंढरांमागं उन्हातान्हात काढलंय, त्यांचं म्हातारपण गार सावलीत जायला पाहिजे.

त्याचे वडील कोंडीबा आणि आई हरणाबाई. दरसाल सुगी सरली की दोघं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची, पार कोरेगाव-रहिमतपूरपर्यंत. तिकडचे बागायतदार त्यांची मेंढरं हौसेनं आपल्या रानात बसवून घ्यायचे, कारण लेंडीखतासारखं दुसरं खत नाही. आता हरणाबाईचे गुडघे बोलू लागले होते आणि कोंडीबालाही माळ चढताना दम लागत होता.

तेव्हा राजवर्धननं बंगला बांधला. म्हणजे कोइमतुरात बसून फोनवरच बांधला. कोइमतुरात त्याच्या दुकानासमोर काचेची एक झगमगती इमारत होती. तिचा फोटो त्यानं ठेकेदाराला पाठवला आणि सांगितलं, “एलिव्हेशन, म्हंजे घराचं म्होरलं तोंड, आसं पायजे.” रस्त्यापलीकडच्या आप्पासोनं, तो विजयवाड्याहून परतलेला गलाईवाला, बंगल्याला कमरेपासून वर काच लावली होती. मग राजवर्धननं जमिनीपासून छतापर्यंत लावली! रस्ता पश्चिमेला, म्हणून काच पश्चिमेला. धूळ येऊ नये म्हणून ती कायमची बंद. वर सपाट स्लॅब, आत पीओपीचं नक्षीदार छत आणि भिंतीवर एसी. घर दिवाळीत पुरं झालं. हवा गार, आभाळ निवळ, आणि संध्याकाळच्या उन्हात ती काच अशी काही झळकली की रस्त्यावरच्या मोटारी थांबून थांबून बघत होत्या. राजवर्धनची छाती फुगून दुप्पट झाली.

वास्तुशांत झाली, पाहुणे गेले. कोंडीबा खांद्यावरचं घोंगडं हातात घेऊन दिवाणखान्यात उभा होता. भिंती वरून खालपर्यंत बघून त्यानं विचारलं,

“राजा, घोंगडं कुटं अडकवू रं?”

“आबा, भितीला खिळा मारायचा न्हाई. रंग जातोय, पीओपी फुटतंय. कपाटात ठेवा की.”

“कपाटात?” कोंडीबानं घोंगड्यावरून हात फिरवला. “कपाटात घुसमटंल ते. धनगराचं घोंगडं जिथं अडकतंय तिथं त्येचं घर. ऱ्हाऊ दे, खालीच नेतो.”

आणि ते घोंगडं खाली मेंढरांच्या कोंडवाड्यात, त्याच्या जुन्या खोपटातल्या खुंटीवर परत गेलं. राजवर्धनला थोडं लागलं, पण त्यानं ते म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सोडून दिलं. जाताना आईला बजावून गेला, “आय, काचा पुसून घेत जा. दारं उघडी टाकू नगंस, धूळ येती. गरम झालं तर एसी लाव.”

मंडळी, आई ती आई! लेकानं सांगितलं ते तिनं देवाच्या नवसासारखं पाळलं.

चैत्र लागला आणि माळ तापला. दुपार कलली की सूर्य सरळ त्या काचेतून घरात उतरायचा आणि दिवाणखान्यात हातपाय पसरून बसायचा. एसी होता, पण त्याला वीज पाहिजे. भर उन्हाळ्यात सगळ्या शिवाराच्या पाण्याच्या मोटारी आणि सगळ्या बंगल्यांचे एसी एकदम चालू, मग वीज टिकणार कशी? एक दिवस दुपारी लाईट गेली. कोंडीबा मेंढरांकडं होता. हरणाबाई एकटी घरात. दार उघडावं तर धूळ येईल, लेकाचं घर मळेल, म्हणून ती माउली दारं लावून तशीच बसून राहिली. कोंडीबा पाणी प्यायला आला तेव्हा ती फरशीवर पडलेली होती, अंग निखाऱ्यासारखं तापलेलं.

आप्पासोच्या गाडीतून तिला कवठे महांकाळला नेलं. वेळेवर नेलं म्हणून वाचली. कोइमतुरात राजवर्धनच्या हातात सांडशी होती, तेव्हा फोन आला. सांडशी तशीच टाकून तो निघाला.

दवाखान्यात तो आईच्या उशाशी जाऊन बसला. हरणाबाईच बोलली. तिचा आवाज खोल गेला होता.

“घर लय चांगलं हाय रं बाळा. माजंच आंग आता ऊन सोसंना.”

हे ऐकून राजवर्धनच्या काळजाला घरं पडली. तेवढ्यात डॉक्टर आले. म्हणाले, “आता यांचं उन्हात हिंडणं बंद. गार जागेत ठेवा. असा झटका पुन्हा आला तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

“आन गार जागा कुटं हाय?” कोपऱ्यातून कोंडीबा कडाडला. “रानात न्यायची न्हाई म्हणता. आन त्या घरात मी तिला पाऊल टाकू द्यायचा न्हाई!”

“आबा, मी आणिक दोन एसी बसवतो. जनरेटर आणतो मोठा!”

“म्हंजे तुज्या आयचा जीव मशिनीच्या भरवशावर व्हय? मशिन बंद पडली की म्हातारी संपली?”

एवढं मोठं घर बांधलं, आणि आईला ठेवायला जागा नाही!

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरहून रेश्मा आली. तिच्या वडिलांच्या, सयाजीरावांच्या रानात कोंडीबाची मेंढरं वर्षानुवर्षं बसत आलेली. लहानपणी ही पोरगी कोकरं उचलून घ्यायला धावायची आणि राजवर्धन तिच्याकडून ऊस मागून खायचा. आता ती आर्किटेक्ट होती, साताऱ्यात तिचं ऑफिस होतं. आईनं, बनुबाईनं, हरणाबाईसाठी घेवड्याची पिशवी दिली होती. ती तिच्या उशाशी ठेवून रेश्मा म्हणाली,

“मामी, आता दवाखान्यातनं सरळ आमच्या घरी चलायचं. इतकी वर्षं तुमची मेंढरं आमच्या रानात बसली, हा उन्हाळा तुम्ही आमच्या सोप्यात बसा.”

मग राजवर्धनकडं वळून म्हणाली, “राजादादा, मला घर दाखव तुझं. आणि दुपारीच दाखव.”

दोघं बंगल्यावर पोचली तेव्हा दिवस कलता होता. दार उघडलं तशी आतून झळ आली. राजवर्धननं बावरून एसीचं बटण दाबलं. रेश्मानं ते बंद केलं.

“काचेला हात लाव.”

त्यानं लावला, आणि झटक्यात मागं घेतला. सोनं वितळवायची तापलेली मूस रोज सांडशीनं उचलणारा माणूस, त्याचा हात पोळला!

“आता मला एक सांग,” रेश्मा म्हणाली. “चांगली भट्टी कशी बांधतात?”

धंद्याचं विचारल्यावर राजवर्धनला जरा बरं वाटलं. तो सांगू लागला, “भट्टी म्हंजे रेश्माताई, उष्णता आत जाया पायजे, पर भाईर यायला वाट न्हाई ठेवायची. तोंड मोजकं. भवतीनं सगळं बंद. वरनं झाकण पक्कं. म्हंजे कसं, एकदा आत शिरलेली धग आतल्या आत...”

तो बोलता बोलता थांबला. समोर बघितलं, काच. वर बघितलं, तापलेला स्लॅब. चारी बाजूंना बघितलं, सगळं बंद. तो तिथंच फरशीवर बसला.

“भट्टी!” त्याच्या तोंडून शब्द फुटला. “मी आयबापासाठी भट्टी बांधली रं देवा! जन्मभर मी आगीपुढं बसलो ते त्यास्नी गार बसवायला, आन मीच त्यास्नी मुशीत घातलं!”

रेश्माही त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

“तू फोटो बघूनच बांधलंस ना? कुठल्या घराचा होता तो?”

राजवर्धननं मान खाली घातली. “घराचा न्हवता. दुकानासमोर मोटारींचं शोरूम हाय, त्येचा.”

“शाब्बास! मोटारींना घाम येत नाही, दादा. आणि शोरूमला दिवसरात्र एसी असतो, तो कुणी बंद करत नाही.”

एवढ्या दुःखातही राजवर्धनला हसू आलं. मग ती त्याला बाहेर घेऊन गेली. माळाच्या धारेवर पवनचक्क्या गरगरत होत्या.

“त्यांची तोंडं कुठं आहेत?”

“पश्चिमेला.”

“म्हणजे वारा पश्चिमेचा. एवढा खर्च करून कंपनीनं वाऱ्याकडं तोंड केलं, आणि तू त्याच बाजूला काच लावून वाऱ्याचं तोंड बंद केलंस. या माळावर दिवसा ऊन तापतं, पण दिवस बुडाला की वारा गार होतो. म्हणजे इथल्या घरानं दिवसा ऊन अडवायचं आणि रात्री वारा घ्यायचा. तुझं घर उलटं चालतंय. दिवसा ऊन घेतंय आणि रात्री वारा अडवतंय!”

“मग काय, धाब्याचं मातीचं घर बांदू पुन्हा? तवाचं ते अंधारं, धुरकटलेलं, पावसात टिपटिप गळणारं?”

“मी कुठं म्हटलं? जुनं म्हणून सगळं चांगलं आणि नवं म्हणून सगळं वाईट, असं नसतं. धाब्याच्या घराची जाड भिंत घे, अंधार सोडून दे. सिमेंटची मजबुती घे, तापणारं डोकं सोडून दे. आणि हे बघ, माझं रहिमतपूरचं घरही इथं चालायचं नाही. तिथं पाट आहे, ऊस आहे, हवेत ओल आहे. तिकडं कोयनेच्या अंगाला गेलास तर पावसासाठी उतरतं छप्पर लागतं. जशी हवा तसं घर! मामांचं घोंगडं बघ. थंडीत ऊब देतं, उन्हात डोक्यावर घेतलं तर गार ठेवतं, पावसात खोळ करून पांघरलं तर पाणी आत येऊ देत नाही. ते काय कोइमतूरहून फोटो मागवून विणलंय? या माळावरच्या मेंढरांच्या लोकरीचं आहे ते, म्हणून या माळाला पुरतं.”

राजवर्धन काचेपुढं जाऊन उभा राहिला. काचेत पडलेल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडं बघत राहिला.

“पर रेश्माताई, आता हे काढायचं म्हंजे लोक हसतील. सगळा गाव हसंल.”

“हसू दे की! पुढच्या चैत्रात मामी कुठं निजणार, तेवढं सांग मला.”

झालं! त्याचं सगळं बळ त्या एका प्रश्नापुढं संपलं. त्यानं आप्पासोच्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “काडायची काच! माजी आय या घरात निजली पायजे!”

कोइमतूरची भट्टी त्यानं मेहुण्याच्या हवाली केली आणि उन्हाळाभर तो गावातच राहिला. रेश्मानं त्याला पहिलं काम दिलं ते बांधायचं नव्हतं, बघायचं होतं. घरात कोणत्या वेळी ऊन कुठवर येतं, ते त्यानं फरशीवर कोळशानं रेघा ओढून टिपायचं. गलाईवाल्याच्या हातात कोळसा नवा नव्हता, पण त्या कोळशानं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऊन मोजलं. उघड्या अंगानं त्या दिवाणखान्यात बसून तो घामाघूम व्हायचा आणि मनाशी म्हणायचा, आय इथं एकटी बसली होती. दारं लावून. माझ्या सांगण्यावरून.

पावसाळा सरला आणि काम निघालं. पश्चिमेची काच उतरली. रस्त्यावर बघ्यांची गर्दी झाली. ठेकेदार कळवळून म्हणाला, “शेठ, घराची सगळी शोभा चालली!” राजवर्धन म्हणाला, “शोभा आतल्या माणसानं बघायची.” काच वाया घालवली नाही. तिचे तुकडे उत्तरेच्या लहान खिडक्यांना बसले, तिथं ऊन फारसं फिरकत नाही. पश्चिमेला काळ्या दगडाची जाड भिंत उभी राहिली. तिच्यात बेताच्या खिडक्या आणि त्यांना लाकडी झडपा, दिवसा मिटायच्या आणि दिवस बुडाला की उघडायच्या. भिंतीपुढं ओसरीसारखा रुंद सोपा आला आणि सोप्याच्या पुढच्या अंगाला विटांची जाळी, वारा येईल आणि ऊन चाळून येईल अशी. नक्षीदार पीओपीचं छतही उतरलं. सोप्यापुढं कडुनिंबाची रोपं लागली.

मग आलं डोकं, म्हणजे स्लॅब. कुंभाराकडून गाडीभर मडकी आली आणि ती स्लॅबवर उपडी मांडून त्यांवर चुन्याचा थर आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायचं ठरलं. मडक्यातली कोंडलेली हवा उन्हाला खाली उतरू देत नाही आणि पांढरा रंग त्याला आल्या पावली परत पाठवतो, असं रेश्मानं समजावलं. पण मडकी वर चढू लागली तसा गावाला उधाणच आलं. आप्पासो गॅलरीतून ओरडला,

“आरं राजा, घर बांदतुयास का धईहंडी?”

सगळी आळी हसली. राजवर्धनचे कान लाल झाले. आधीचा राजवर्धन असता तर मडकी तिथंच फोडून मोकळा झाला असता. आता तो वरूनच ओरडला, “धईहंडीच हाय गड्या! चैत्रात या, लोणी खायला देतो!”

एक दिवस जिन्याखाली उभा राहून तो वर बघत बसला. रेश्मा आल्यावर म्हणाला, “ताई, भट्टीला धुराडं असतंय. धग वरनं काडायची तर वर तोंड पायजे. ह्यो जिना घराच्या मदोमद हाय, गरम हवा आपसूक वर चडंल. जिन्याच्या डोक्यावर चारी बाजूंनी झरोके ठेवले तर?”

रेश्मा खळखळून हसली. “मी आज हेच सांगायला आले होते. तू माझ्या आधी बोललास! अरे, आगीचं शास्त्र तुझ्या बोटांत आहे. फक्त आजवर ते धग कोंडायला वापरलंस, आता काढायला वापर.”

त्या दिवशी राजवर्धनला कोइमतूरचं पहिलं शुद्ध सोनं हाती आलं तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला.

आणि चैत्र आला.

हरणाबाई आदला उन्हाळा रहिमतपूरला काढून पावसाळ्यात गावी परतली होती आणि बहिणीकडं राहत होती. तिला घरात आणलं ते यात्रेच्या आदल्या दिवशी. कोंडीबा उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, “दुपारचं बगू.” एवढंच. सगळ्या कामाचा निकाल आता ऊन लावणार होतं.

धुळोबाची यात्रा म्हणजे गावाचा मोठा सण. ढोल वाजतात, भंडारा उधळतो, घराघरात पाहुणे मावत नाहीत. आप्पासोकडं त्याच्या मुलीच्या सासरची पुण्याची मंडळी आली होती. रेश्मा आणि बनुबाई राजवर्धनकडं. त्याची बायको सोनम कोइमतूरहून आलेली, तिनं सोप्यात पंगत मांडली. दुपारी ऊन असं पेटलं की डांबर मऊ झालं. गावातले सगळे एसी एकदम सुरू झाले आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर ‘धडाम’ करून गेला!

घराघरातून आरडाओरडा झाला. आप्पासोच्या बंगल्यात काचेमागं कोंडलेली पाहुणेमंडळी ताटांवरून उठली. व्याह्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला, विहीणबाई पदरानं वारा घेऊन घेऊन दमल्या. शेवटी ती सगळी वरात, कुणाच्या हातात ताट, कुणाच्या हातात लहानगं, रस्ता ओलांडून राजवर्धनच्या सोप्यात शिरली. शिरली आणि थबकली. आतमध्ये निवांत गप्पा चालल्या होत्या. पंगतीत कुणाच्या कपाळाला घाम नाही. जाळीतून येणारी उन्हाची नक्षी जमिनीवर पडलेली, आणि आतल्या अंगाला भिंतीकडं तोंड करून हरणाबाई लवंडलेली.

आप्पासोनं घाम पुसत विचारलं, “काकू, तुमच्याकडं लाईट हाय व्हय?”

हरणाबाई डोळे चोळत उठून बसली.

“लाईट? गेली व्हय? कवा?”

मग बनुबाईनं वर बघितलं. पंखा लावायचं सकाळपासून कुणाला सुचलंच नव्हतं! आधी रेश्मा हसली, मग सोनम, मग सगळा सोपा हसून हसून लोळला. राजवर्धन मात्र हसला नाही. तो आईकडं बघत होता. आईच्या गालावर उशीची वळी उमटली होती. भर चैत्रात, भर दुपारी, त्याच्या घरात, त्याची आई गाढ झोपली होती! जिंकला गडी! मूठभर भंडारा घेऊन त्यानं सगळ्या सोप्यात उधळला आणि बाहेर ढोलवाल्यांना हाक मारली, “वाजवा रं! इथं येऊन वाजवा!”

आप्पासो अजून कान लावून जनरेटरचा आवाज शोधत होता. तो सापडेना, तेव्हा रेश्मापुढं हात जोडून म्हणाला, “ताई, मी धईहंडी म्हणून हसलो. मला माफ करा. मला आसंच्या आसं करून द्या. मडकी बी ह्येवढीच लावा.”

“असंच्या असं? मुळीच नाही!” रेश्मा म्हणाली. “आप्पासो, राजादादानं शोरूमची नक्कल केली, तुम्ही आता राजादादाची करणार. तुमच्या घराचं तोंड पूर्वेला आहे, मागं टेकाड आहे, वारा तुमच्याकडं वळून येतो. आधी उन्हाळाभर कोळसा घेऊन बसा, तुमच्या घरात ऊन कुठं येतं ते बघा. मग बोलू.”

“बसतो,” आप्पासो म्हणाला. “जागेवर बसतो. तुमी फकस्त कोळसा द्या.”

पुन्हा हसण्याचा पूर आला. त्या गडबडीत कोंडीबा कधी बाहेर गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो कोंडवाड्याकडून चालत आला तेव्हा त्याच्या एका खांद्यावर काळं घोंगडं होतं आणि हातात बाभळीची तासलेली खुंटी. आदल्या रात्रीच तासून ठेवली असावी. उंबरा ओलांडून तो आत आला, सोप्याच्या जाड भिंतीवर हात ठेवून उभा राहिला. भिंत गार होती.

“राजा,” तो म्हणाला, “भितीला खिळा मारला तर चालंल का रं?”

राजवर्धनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं स्वतः हातोडा आणला, दगडाच्या सांध्यात जागा केली आणि खुंटी ठोकली. भिंत जाड, खुंटी पक्की बसली. कोंडीबानं घोंगडं झटकलं, खुंटीला अडकवलं आणि तो हरणाबाईला म्हणाला, “आता सरक जरा तिकडं. मला बी पडू दे.”

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण आज ना उद्या घर बांधतील, शाळा बांधतील, समाजमंदिर बांधतील. तेव्हा फोटो नंतर बघा. आधी आपल्या मातीवर उभं राहून आपलं ऊन बघा, आपला वारा बघा. वीज गेल्यावरही ज्या घरात म्हातारं माणूस सुखानं झोपतं, तेच खरं श्रीमंताचं घर. विजेवर चालणारा गारवा विजेबरोबर जातो. भिंतीत, छपरात, सावलीत बांधलेला गारवा आपल्या लेकराबाळांनाही पुरतो, आणि त्याचा भार शेजाऱ्यावर, गावावर, कुणावरच पडत नाही.

धुळोबावाडीत आता नवीन अंगणवाडीचं काम निघालंय. गावकऱ्यांनी जागा ठरवली, आणि पाया खणायच्या आधी तिथलं ऊन टिपायला सरपंचांनी आप्पासोच्या हातात कोळसा दिला. राजवर्धन वर्षातून थोडे दिवस कोइमतूरला जातो आणि उन्हाळ्यात हटकून गावी येतो. कोंडीबाचं घोंगडं अजून त्याच खुंटीवर आहे.